मधली पिन

आधी मी फोटो उडवले. मग जुनी पत्रकं.
मग अँटिव्हायरस, ज्याचे पैसे जूनपर्यंत भरले होते.
ऐरोलीतल्या तीन सोसायट्यांचे हिशोब माझ्याकडे,
मार्चअखेर,
आणि एक्सेल एका रकान्यातून दुसऱ्यात जायला
चहा उतू जाईल एवढा वेळ घेत होतं.

भाऊ फोनवर म्हणाला, रॅम वाढव.
शेजारचा कौस्तुभ म्हणाला, ताई, वय झालंय त्याचं.
मी लॅपटॉपखाली पोळपाट ठेवला, हवा खेळावी म्हणून.
हवा खेळली.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती,
कारण ती उलटी वाटायची:
वीज गेली की तो धावायचा.
सेक्टर आठमधले दिवे गेले त्या रात्री
अकरा मिनिटांत मी लिफ्टच्या देखभालीचं अख्खं वर्ष उतरवलं,
बॅटरी नऊ टक्क्यांवर येईतो.
मग दिवे आले, पंखा फिरला,
आणि तो पुन्हा पाय ओढू लागला.

घणसोली गावात, मासळीबाजारामागे,
ओंकार मढवीचं दुकान. रुंदी एका खुर्चीची.
'काय झाला ताय?'
मी उलटी गोष्ट सांगितली. तो हसला नाही.
लॅपटॉप उघडलाही नाही त्यानं.
चार्जरचं टोक भिंगाखाली धरलं, म्हणाला, बघा.
मध्ये एक पिन असते, सुईहून बारीक.
तुमची मोडलीय.

या पिनेतून वीज जात नाही.
वीज बाजूच्या कड्यातून जाते, ती येतेच आहे.
ही फक्त सांगते, मी कोण, किती वॉटचा, कुठल्या घरचा.
ते कळलं नाही की मशीन बिचकतं.
घेतं, पण जपून.
बॅटरीत साठवत नाही. स्वतःचा वेग कमी करून बसतं.
'आणि वीज गेल्यावर?'
मग काय, घरचंच खातंय. भ्यायचं कुणाला?

साडेसहाशेचा एक होता, बिनओळखीचा.
कंपनीचा बावीसशे.
मी घासाघीस न करता बावीसशे मोजले,
त्यामुळे त्याला मी जराशी संशयास्पद वाटले असावे.

घरी सुनंदाबाई अण्णांना पेज भरवत होत्या.
पाच महिने झाले, त्या येतात.
अण्णा तोंड उघडतात, घेतात,
आणि गालात धरून ठेवतात.
गिळण्याचं सगळं ठीक आहे, असं डॉक्टर दोनदा म्हणाले.
मी चप्पल न काढताच आत गेले.
म्हटलं, बाई, घास द्यायच्या आधी
तुमचं नाव सांगत जा. दर वेळी.
त्या म्हणाल्या, सांगून काय उपयोग, विसरतात ना.
विसरू देत. पुन्हा सांगा.

नवा चार्जर लावला. एक्सेल पळालं.
नीलमोहोर सोसायटीच्या ताळेबंदात
चाळीस रुपये जुळत नव्हते.
ते तसेही जुळले नसते.

रात्री अण्णा माझ्या टेबलापाशी येऊन थांबले.
बत्तीस वर्षं कळव्याच्या सबस्टेशनात होते ते.
त्यांनी अडॅप्टरवर हात ठेवला.
तळवा नाही, मागची बाजू,
म्हणजे झटका बसलाच तर मूठ
आपल्याकडे मिटते, तारेवर नाही.
हे त्यांना कुणी आठवून द्यावं लागलं नाही.

'चालू आहे,' म्हणाले.
मग माझ्याकडे बघून, 'तुम्ही?'

मी वृंदा, म्हटलं.
ऐरोली, सेक्टर आठ. तुमची थोरली.

'हां,' म्हणाले,
आणि पेज उरलीय का, असं विचारलं.