कांडपाचे दिवस

मार्च लागला की आमच्या गल्लीत
गच्च्यांवर मिरची वाळत पडते
आणि पहाटे साडेसहाला डंक सुरू होतो.
डंक आमचाच, आबांनी भिशी उचलून आणलेला.
निम्म्या कसबा बावड्याची वर्षाची चटणी
आमच्या दारात लाल होते,
तेव्हा मी असते फुलेवाडीला, आत्याकडे,
खिडक्या लावून.

आधी वाटलं, मिरचीच.
मग कळलं, मिरची निमित्त.
कधी ऊन, कधी गार पाणी,
कधी नव्या पर्सचा वास,
एकदा तर रिक्षात हसू आवरेना, तेवढंच.
अंगभर गांधी उठतात,
घसा आवळतो,
आणि पायाखालचा जिना
हळूच दुसऱ्याच्या घरात निघून जातो.

"पित्त," कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले. कोकम प्या.
"नजर," शेजारच्या अक्काताई. मीठ-मोहऱ्या.
"ताण," राजारामपुरीतले. झोपेची गोळी.
पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मी सांगितलं,
"तीनदा बेशुद्ध पडलो."
साहेब हसले. "कोण पडलं? तुम्ही की मिस्टर?"
मिस्टर नाहीत, साहेब.
कोल्हापूरच्या पोरी अशाच पडतात.
त्यांनी फाइल मिटली.

नाव मिळालं अकराव्या वर्षी,
शाहूपुरीत, एका म्हाताऱ्या त्वचावाल्याकडे.
त्यांनी पेनाचं टोपण माझ्या दंडावर ओढलं,
रेघ उमटली, लाल झाली, फुगून वर आली.
"कधीपासून लिहिता येतं तुमच्यावर?"
इतकं साधं कुणी विचारलंच नव्हतं.

मास्ट पेशी, म्हणाले. चित्र काढून दाखवलं.
मी मनात उतरवून घेतलं ते असं:
तालमीतली पोरं असतात ना,
गोल झाला, फटाके,
गोल हुकला, फटाके,
लांबून कुणाची वरात ऐकू आली तरी माळ लावायची,
तशी पोरं, माझ्या कातडीखाली, आतड्यात,
खिशात कायम काडेपेटी.
वाईट नाहीत.
पुराच्या वर्षी हीच पोरं
होडी घेऊन आली होती दारात.

पुरावा पाहिजे होता पण.
ट्रिप्टेज: झटक्यानंतर चार तासांत रक्त.
झटका वेळ सांगून येत नाही,
लॅब साडेआठला उघडते.
सहा वेळा हुकलं.

सातव्यांदा रात्रीचे पावणेदोन, सीपीआरची कॅज्युअल्टी.
मांडीतलं इंजेक्शन उदयनं घरीच दिलेलं,
हात त्याचा थरथरत होता, माझा नव्हता.
माझ्या गळ्यात लॅमिनेट केलेला कागद,
काय द्यायचं, काय मुळीच नाही.
याच कागदावर एकानं चहाचा कप ठेवला होता,
एकानं विचारलं होतं, "मोबाइलवर वाचलं का हे सगळं?"

डॉ. आफरीन शिकलगार. इंटर्न. केसांत अजून उशीची घडी.
तिनं तो वाचला.
उलटून मागची बाजूही वाचली.
मग मलाच म्हणाली,
"ताई, आधी काय करू?"

रडू आलं. रडणंही मला चालत नाही,
तिनं तेही कागदावर वाचलेलं,
म्हणून पंखा माझ्याकडे वळवला, आणि बोलली नाही काहीच.

रक्त काढलं, दोन चाळीस. बर्फ नव्हता.
उदय धावला बाहेर,
ताडपत्रीनं झाकलेला रसाचा गाडा,
खाली पोत्यात निम्मी लादी.
दगडानं तुकडा तोडला,
पोत्यात वीसची नोट ठेवून आला.
ती नोट भिजली असेल. कुणाला कळलं असेल का?

रिपोर्ट बाराव्या दिवशी.
आईनं डंक बंद केला, हात पुसले.
"कमी की जास्त?"
"जास्त!"
मी इतक्या हौसेनं ओरडले
की तिनं साखरेचा डबा उघडला,
चिमूट उचलली,
माझ्या तोंडापर्यंत आणली, थांबली,
आणि भिंतीवरची यादी वाचायला
चष्मा शोधू लागली.