शेरा

सावनेर सोडलं, की रस्ता चढू लागतो
आणि मोटरसायकलचा आवाज बदलतो.
पाठीवरच्या पिशवीत शंभर फुटी टेप,
पाण्याची बाटली,
आणि शेठच्या अक्षरातली चिठ्ठी:
पूल नंबर ब्याऐंशी. लोखंड किती ते काढणे.
दगड नको.

छोटी लाईन उखडली त्याला वर्षं झाली.
रूळ गेले, स्लीपर गेले,
खडी कुणाकुणाच्या ओट्याखाली गेली.
पूल तेवढा उरला,
भुरकी नाल्यावर, दोन टेकड्यांच्या मध्ये,
ना इकडून वाट, ना तिकडून:
जाणाऱ्याने हात सोडलेला,
घेणाऱ्याने अजून धरलेला नाही, तसा.

एप्रिल. नाल्यात नुसते गोटे,
वानरांनी टाकलेली तेंदूची सालं.
मी खालूनच आकडे मांडू लागलो.
इतवारीच्या पेढीवर नऊ वर्षं काढली
की डोळ्यांचा वजनकाटा होतो.
बसथांब्याची शेड मला क्विंटलमध्ये दिसते,
देवळातली घंटा किलोत.

वरून आवाज आला. टण्.
जरा थांबून, टण्.

मन्साराम उईके.
वय विचारलं तर म्हणाला, "पुलाहून लहान."
चौतीस वर्षं चावीवाला.
सदरा शिवणीपुरताच खाकी उरलेला,
हातात लांब दांड्याची हातोडी.
एकेका रिवेटवर ठोका द्यायचा, कान तिरपा करायचा,
बाजारात बाई माठ वाजवून घेते तसा.

"काका, गाडी बंद झाली."
"मले काय सांगतं? आखरी गाडीले झेंडी मीच देल्ली."
"मग हे?"
"मंगयवार हाय आज. मंगयवारी ह्या बाजूचे."

टेप पाहून त्याला कळलंच होतं.
काही बोलला नाही.
हातोडी बगलेत मारली
आणि टेपचं दुसरं टोक धरलं.
पूल एकट्याला मोजता येत नाही.

दुपारी खांबाच्या सावलीत त्यानं अर्धी भाकर दिली,
वर अंबाडीची भाजी.
पाठीमागच्या दगडावर बोटभर मासा कोरलेला,
कुण्या पाथरवटाची खूण.
ह्या नाल्यात कधी मासे होते का, मी विचारलं.
"त्यानं पाह्यला असन," म्हणाला,
आणि भाकरीचा तुकडा मुंग्यांसाठी दगडाखाली ठेवला.

मधल्या गाळ्यात तो थांबला.
थप्.
पुन्हा. थप्.
मलाही कळलं. नऊ वर्षांत
लोखंडाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो,
ट्रकमध्ये पडतानाचा सोडून.
त्यानं खिशातून खडू काढला,
रिवेटभोवती गोल केला, नीट,
शाळेतली पोरं शून्य काढतात तसा.

"आता कोण येणार हे कसायला?"
"कोनी नाही.
पन ढिला हाय त ढिला म्हना लागते न बाप्पा."

संध्याकाळी पेढीवर कागद भरला.
लोखंड: एवढे टन, अंदाजे.
दगड: नाही.
शेरा, ह्या रकान्यात आम्ही कधी काही लिहीत नाही.
लिहिलं: मधला गाळा, डावी बाजू,
वरून चौथी ओळ, एक रिवेट ढिला.

शेठनं चष्मा कपाळावर नेला.
"कापायचाच आहे ना रे पूल?"
"हो."
"मग?"
मी खोडलं नाही. त्यानंही नाही.
लिफाफा चिकटवला, थुंकीनं, नेहमीसारखा.

रात्री महालातल्या खोलीत झोप येईना.
कूलर घरघरत होता, तो बंद केला.
बोटाच्या पेरानं खिडकीचा गज वाजवून पाहिला,
मग बादली, मग खाटेचा पाय,
मग बाहेर येऊन जिन्याचा कठडा,
खालून वर, एकेक सळई,
कान तिरपा करून.

सातवीला थांबलो.
पुन्हा वाजवली.

वरच्या मजल्यावरचा दिवा लागला.
"कोण आहे? काय लावलंय एवढ्या रात्री?"

"मंगळवार आहे," मी म्हटलं,
आणि खिशात खडू चाचपू लागलो.