पाचवा थांबा

रविवारी सकाळी साडेसहाला घणसोली गावाच्या कमानीखाली
मी माणसं मोजते. अकरा.
दोघांनी पैसे भरून झोप निवडली.
माणशी चारशे, चहा धरून.
गळ्यात पाटी: हर्षाली मढवी, लोकसंगीत वारसा फेरी.
आई म्हणते, आपल्या गल्लीत फिरायला पैसे देतात
ती कोण गो माणसं?

पहिला थांबा, एक बंद शटर.
आत कठोरदादाचा बेंजो आहे,
भंगारातल्या टाइपरायटरची बटणं लावलेला.
'म' दाबला की पंचम वाजायचा.
'क्ष'ला शेवटपर्यंत सूर सापडला नाही,
तो शोभेला ठेवला.
लोक शटरचा फोटो काढतात.

दुसरा, जिथे मिठागराचा बांध होता
आणि आता गाड्या धुतात.
बाया इथून मीठ वाहताना गायच्या,
पाटी जड झाली की ओळ आखूड व्हायची.
रेकॉर्डिंग आहे का, एकाने विचारलं.
मी म्हटलं, पाटी आहे.

तिसरा हल्ली गाळते.
तिथे माझा भाऊ टेम्पोत डीजेचे खोके चढवत असतो
आणि सगळ्यांसमोर विचारतो,
ताई, मी येतो का वारशात?

चौथ्यावर थोडं जमिनीचं बोलते.
भूसंपादन झालं तेव्हा भात मोजलं, खाजण मोजलं,
आंब्याला वेगळा भाव, विहिरीला वेगळा.
गाणी कुणी मोजली नाहीत,
म्हणून ती असंपादित राहिली,
चुकांसकट, शिव्यांसकट.
त्यांच्यात अजून सेक्टर नऊच्या जागी
उटणी नावाचं शेत आहे
आणि शेतात गुडघाभर पाणी.

पाचवा थांबा. बेमटीबाय, धवलारीन.
वय विचारलं तर
बांध फुटला त्या सालापासून मोजते.
ओटीवर सुकट पाखडत होती.
आये, एक धवला, मी म्हटलं.
"लगीन कोनाचा?"
कुणाचं नाही.
"मंग? देवाना बोलवायचा
नि जेवाय नाय वारायचा?"

माहितीपत्रकात लिहिलंय: सादरीकरण, पंधरा मिनिटं.
अकरा जण आपापल्या बुटांकडे बघतात.
मी मनात चारशे गुणिले अकरा परत करायला लागते.

तेवढ्यात मागून नेरुळचे सुब्रमण्यम,
बँकेतून निवृत्त, वाटभर एक शब्द न बोललेले,
उन्हाची छत्री धरून म्हणाले,
माझ्या मुलीचं आहे. गुरुवारी. टोरांटोत.
कोर्टात करणार. मला व्हिसा मिळाला नाही.
नोटा मोजून द्याव्यात
तसं एकेक मराठी वाक्य, दोनदा तपासून.

"पोरीचा नाव काय?"
विद्यालक्ष्मी.
तिने ते जिभेवर तोललं. ओळीत मावेना.
"इद्या," म्हणाली. "इद्याबाय."
सूप बाजूला. हात धुतले. पदर डोक्यावर.

आधी गावदेवी बोलावली, मग खाडी,
मग ती विहीर जिच्यावर आता टाकी आहे.
मग थांबून विचारलं, तुमचा देव कंचा?
त्यांनी सांगितलेलं मलाही ऐकू आलं नाही.
तोही बोलावला.
हळद उटणीच्या शेतातून निघाली.
टोरांटोची वाट गाण्याला ठाऊक नव्हती,
विमान तर कधी आलंच नव्हतं त्याच्यात,
तिने हळद होडीत बसवली
आणि ओहोटी धरून सोडून दिली.

एकाने फोन बाहेर काढला,
काय वाटलं कुणास ठाऊक, खिशात ठेवला.
सुब्रमण्यमनी छत्री कधी मिटली दिसलं नाही.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली
आणि गाणं मध्येच थांबलं.
"आज निसती हलद," बेमटीबाय म्हणाली,
"बाकीचा लगनाच्या दिशी."

सहावा थांबा राहून गेला.
सुब्रमण्यम अजून ओटीखाली उभेच,
विचारतायत, तिथे सकाळचे दहा
म्हणजे इथे रात्रीचे साडेसात होतील, चालेल ना?
बेमटीबाय मांजराच्या मागे धावतेय,
सुपातली सुकट अर्धी गेलेली.
"दिवा लावला का ये," तिकडूनच ओरडते,
"नि येताना तांदूल आन!"