पावती

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, फाउंड्रीची सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
कोबी भरलेला छोटा हत्ती
अप्पांच्या सायकलीवरून गेला.
एवढं एक वाक्य मराठीत.
पुढचं सगळं कन्नडमध्ये आहे:
फिर्याद, पंचनामा, रस्त्याचा नकाशा,
त्यात सायकल म्हणून काढलेली दोन वर्तुळं.

घरात कन्नड वाचणारी मीच.
नववीत होते. सक्तीचं म्हणून शिकलेलं
सिव्हिलच्या जिन्यात बसून कामाला आलं.
आई म्हणाली, पायाचं काय लिवलंय ते वाच आदी.
मी अक्षरं लावत गेले.
बलगालु, उजवा पाय. मोणकालिन केळगे, गुडघ्याखाली.
आणि एका ओळीत 'परिहार'.
त्यांच्यात परिहार म्हणजे भरपाई.
आमच्यात काम उरकल्यावर जेवण घालतात,
तो श्रमपरिहार.
आई म्हणाली, मग जेवायला कवा बोलवत्यात?

देसूरकर वकिलांनी गाडीचे कागद मागवले.
विमा होता.
अपघाताच्या अकरा दिवस आधीपर्यंत होता.
कंपनीच्या वकिलानं तारखेवर बोट ठेवलं, फाईल मिटली,
दुपारच्या आत तो धारवाडच्या गाडीत बसला असेल.
उरला मालक, तोच ड्रायव्हर:
अडिवेप्पा कुंदरगी, राहणार हुदली.
हप्त्याचे पैसे बायकोच्या बाळंतपणाला गेले
असं त्यानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं.
ते कुणी लिहून घेतलं नाही.

कागदावर अप्पांचा पाय चाळीस टक्के गेला.
उरलेल्या साठ टक्क्यांवर उभं राहून
वितळलेल्या लोखंडाचं भांडं धरता येतं का,
हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नव्हता.
चार वर्षं. एकतीस तारखा.
तीन लाख शहाऐंशी हजार, दरसाल दरशेकडा सहा.
आईनं त्या दिवशी पावशेर कुंदा आणला.

मग कळलं, हुकूम म्हणजे पैसे नव्हेत.
वसुलीचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळा जिना.
बेलीफ हुदलीला जाऊन आला:
गाडी फायनान्सवाल्यांनी कधीच ओढून नेलेली,
जमीन भावाच्या नावावर,
घरात दोन शेळ्या आणि पाळणा.
पाळणा रिकामा नव्हता, म्हणाला,
आणि आमच्याकडचं पाणी पिऊन गेला.

पुढच्या पाच तारखेला अडिवेप्पा स्वतःच आला.
चप्पल त्यानं रस्त्यावरच काढली.
पंधराशे रुपये, दुमडून दुमडून मऊ झालेले.
तेव्हापासून दर पाचला येतो.
मी पावती लिहिते, वर कन्नड, खाली मराठी.
तो वरच्या ओळीखाली सही करतो,
अप्पा खालच्या.

मी आता झेरॉक्सच्या दुकानात असते,
कॅल्क्युलेटर हाताशी.
गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा एकदा हिशेब मांडला.
तो वर्षाला देतो अठरा हजार.
व्याज होतं तेवीस हजार एकशे साठ.
म्हणजे दर पाचला, तो पैसे मोजून देतो तेव्हाही,
बाकी चारशे तीस रुपयांनी वाढलेली असते.
हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही,
कुठल्याच भाषेत.

तो उंबऱ्यावर बसून बशीतून चहा पितो.
उठताना अप्पांना विचारतो, दर वेळी तेच,
"काल ह्यांग ऐती?"
काल म्हणजे पाय, कसा आहे पाय.
मी अप्पांना एकदा सांगितलं होतं.
ते विसरले असतील, नसतीलही.
कुबडी भिंतीला टेकवत म्हणतात,
"कालचं काय घेऊन बसलास गा,
काल नळाला पाणी नव्हतं. आज बरं हाय."

त्याला 'बरं' तेवढं कळतं.
मान हलवतो
आणि चप्पल शोधायला रस्त्यावर जातो.