वायसरखाली

श्रेणिक मगदूमनं पोतं फरशीवर ओतलं:
नट, बोल्ट, बिजागऱ्या, जिभेसारखी लोंबणारी एक पट्टी,
सगळं एकाच गंजाचं.
"अमेरिकन गाडी आहे, आठ सिलेंडर.
आजोबांनी घेतली, वडिलांनी झाकली.
एवढंच सांगतो मामा, चमकवू नका."

दस्तगीरमामानं हातमोजा काढला.
चाळीस वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीत
ह्या माणसानं चमकच विकली.
स्कूटरचे मडगार्ड, दुधाच्या किटल्यांचे कान,
मिरजेच्या बँडवाल्याचा वाकडा ट्रंपेट.
"मग आमच्याकडं काय काम?
गंज तर फुकट मिळतो."

मगदूमनं एक बोल्ट उचलला,
पान्यानं कुरकुरत वायसर सोडवला.
खाली, चार आण्याएवढ्या गोलात,
जिथं ऊन गेलं नाही, पाणी गेलं नाही,
पन्नास वर्षं कुणाची नजरही गेली नाही,
तिथं फिकट सोनेरी. कडेला जरा हिरवट, जरा गुलाबी,
माशीच्या पंखावर असतं तसं.
"हा रंग पाहिजे."

मामानं चष्मा पुसला. परत बघितलं.
मग मला म्हणाला, वही आण.

दोन दिवस आम्ही नुसते वायसर सोडवत बसलो.
प्रत्येकाखाली वेगळं उत्तर.
बॉनेटचे बोल्ट सोनेरी,
सीटखालचे काळे, वापरातल्या तव्यासारखे मऊ,
आणि एक जाड दांडा, ज्याला मुळातच काही नव्हतं,
नुसतं लोखंड, निळसर करडं, भट्टीतनं आलं तसं.
"ह्याला काय लावू?"
"तेल लाव. आन् घामाचा हात लावू नगंस."

पहिला घाणा कॉस्टिकमध्ये सोडला
आणि पाणी लाल झालं.
मी ओरडले. मामा धावत आला, वाकला,
वास घेतला, आणि हसायला लागला:
"हळद हाय गं. सोड्यात पडली की लाल हुती.
कुंकू काय वेगळं करत्यात?"
गाडी तीस वर्षं वखारीत उभी होती,
पोत्यांना टेकून. आट्याआट्यांत भुकटी बसली होती.
मगदूमला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही,
मग म्हणाला, "ते पाणी ओतलं का?"
ओतलं होतं.

पिवळ्या टाकीत घड्याळ चालत नाही.
क्षणभर कमी, तर रंग धरत नाही,
क्षणभर जास्त, तर चहाचा डाग.
मामा ओठांत काहीतरी मोजतो
आणि टोपली उचलतो. किती मोजतो
ते मला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी राहिलं एक ब्रॅकेट.
त्यावर पांढऱ्या रंगाचा फराटा होता,
त्या लांबच्या कारखान्यात कुणीतरी तपासून मारलेला:
झालं, पुढं जाऊ दे.
साफ करण्याआधी फोटो काढून ठेवला होता.
तोही तसाच हवा.
मामानं जुन्या पत्र्यावर सराव केला.
एकोणीस फराटे. सगळे नीट. सगळे चूक.
"शाळंतल्या पोरानं काढल्यागत दिसतंय,"
म्हणून पत्रा उलटा करून ठेवला.

सहाचा भोंगा झाला.
माझी बस सहा दहाची.
एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी,
तर मामानं ब्रॅकेट पुढं धरलं:
"जाता जाता एक मार."
पिशवी दातांत धरली, ब्रश ओढला.
बघितलंही नाही.

सकाळी आले तर मामा फोटो आणि ब्रॅकेट
शेजारी शेजारी धरून बसलेला.
फराटा शेवटी तसाच फाटला होता,
डावीकडं तसाच एक थेंब ओघळला होता.
"त्येचीबी बस असणार बघ," म्हणाला.

मग उठला, हातमोजे घातले.
किटल्यांचे कान आले होते, दोनशे.
चमकवायचे.