रीळ महाग आहे

गावर स्ट्रीटमागे पत्र्याच्या शेडमध्ये
कालच्या सलूनला काळा हात मारून हवेली केली आहे.
वटवाघूळ रबराचं, दोरा गळाचा,
गोरिलाची पोटाकडे शिवण उसवलेली.
"डोळे, ल्युशियस, डोळे!"
ल्युशियस टार्पली बुबुळं गरगरवतो,
गुडघ्यावर गुडघा वाजवतो, बोबडी वळवून दाखवतो.
एकाच टेकमध्ये ओके. रीळ महाग आहे.
गोरिला डोकं काढून त्याच्याकडे काडेपेटी मागतो.

रात्री सेंट्रल अव्हेन्यूला पायी जाताना
मागून पोलिसांची गाडी मंदावते,
उजेड पाठीवर थांबतो.
ल्युशियस नजर फुटपाथवर ठेवतो, हात खिशाबाहेर,
गुडघे सरळ.

गाडी जाते.
मग बंद लाँड्रीच्या दाराला टेकून
बोबडी वळते त्याची,
खरी, बिनपगारी.