बोअर मारण्याआधी

एकतीस वर्षं जमिनीला भोकं पाडली मी.
कडोली, उचगाव, बेक्किनकेरी.
तळहातावरचा नारळ उभा राहिला की तिथं खुंटी,
खुंटीवर गाडी, दोनशे फूट, तीनशे.
पाणी लागलं तर माझा हात,
नाही लागलं तर त्यांचं नशीब.

आता बोअर माझ्याच जबड्यात.
उजवीकडे खाली, शेवटून दुसरा.
कानडीत दाताला हल्लु म्हणतात;
माझा आधी हलला, मग गेला,
दोन्ही भाषांना जागला.

अंगडी डॉक्टरीणबाईंनी साधा एक्स-रे खिडकीला धरला.
“हा सपाट आहे भरमाण्णा,
उंची दाखवतो, जाडी नाही.”
“मग तो मोठा स्कॅन सगळ्यांनाच लागतो काय?”
“सगळ्यांना असं नाही. काहींचं यावर भागतं.
खरं तुमचा दात जाऊन नऊ वर्षं झाली,
हाड झिजलंय, खालून नस जाते.
ती किती खाली, ते मला अंदाजानं नको.”

अंदाज हा शब्द त्यांनी
ट्रेमध्ये चिमट्याशेजारी ठेवला.

नस दुखावली तर ओठ बधिर होतो म्हणे,
चहा ओघळला तरी कळत नाही.

अठ्ठावीसशे रुपये.
मी डिझेलचा भाव लावून बघत होतो
आणि मधेच कुद्रेमनी आठवली:
होनगेकरांच्या परड्यात मी पाणी काढलं
आणि शेजारची विहीर त्याच रात्री उतरली.
सकाळी तानूबाई आली. भांडली नाही.
रिकामी कळशी गाडीच्या बॉनेटवर ठेवून
निघून गेली.

पैसे भरले.

हनुवटी टेकवली. यंत्र डोक्याभोवती फिरू लागलं.
“अल्लाडबेडी,” पोरगी म्हणाली,
मग माझ्या तोंडाकडे बघून, “हलू नका.”
मी दोन्ही ऐकलं.

पडद्यावर माझा जबडा, पावाच्या कापांसारखा.
नस म्हणजे ज्वारीएवढा काळा ठिपका.
वर अकरा मिलिमीटर हाड, दोन सोडायचे.
आणि आतल्या अंगाला एक खोबण,
सपाट फोटोत जी नव्हतीच.
“सरळ गेले असते तर इथून बाहेर,”
बाईंनी पेन्सिलीनं दाखवलं.
मी जिभेनं ती जागा चाचपली.
काही लागलं नाही.

नारळ अजून घरात आहे, फळीवर,
आत वाळून खुळखुळतो.
फोडून टाकावा म्हणतो.
खरं खोबरं चावायला
अजून चार-पाच महिने आहेत.